सर्वांत वरचा लेख

दिलेले दुवे जिवंत आहेत ना, हे ग्रंथपाल रोज सकाळी पाहायचा. कोणी मागितलेला लेख काढून पाठवला की काम संपतं असं त्याला कधी वाटलं नाही. लेख जागा बदलतात, पत्ते बदलतात, आणि एखादा डॉक्टर घाईत असताना बटण दाबतो तेव्हा पुढे रिकामं पान येतं, याची त्याला उगाचच धास्ती असे. म्हणून त्या दिवशीही त्याने संगणक सुरू केला, आजारी बहिणीसाठी, ताईसाठी केलेली यादी उघडली, तिच्यातला सर्वांत वरचा लेख उघडला, आणि पानावर तिरकी तांबडी अक्षरं दिसली, चुकीच्या ठरलेल्या लेखावर मारतात ती. मागे घेतला. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत; खालचा मजकूर वाचता यावा इतपत फिकट, पण नजर चुकवता येऊ नये इतपत गडद. त्याला आधी वाटलं, आपण भलतंच पान उघडलं. मग वाटलं, चष्मा. त्याने चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, पुन्हा घातला. अक्षरं होती तिथेच होती. त्यांच्याआडून तोच तक्ता दिसत होता, ज्याची छापील प्रत भाच्याने ताईच्या उशाशी ठेवली होती.

वाचनालयात तो एकटाच होता. वैद्यकीय महाविद्यालयाचं वाचनालय, एरवी परीक्षेच्या दिवसांत बसायला जागा मिळू नये असं. आता खुर्च्या पाय वर करून टेबलांवर पडल्या होत्या आणि साथ आल्यापासून त्या कोणी उतरवल्या नव्हत्या. विद्यार्थी घरी गेले होते किंवा समोरच्या इमारतीत जुंपले गेले होते. समोरची इमारत म्हणजे रुग्णालय. मध्ये फक्त एक आवार, एक पत्र्याची शेड आणि रुग्णवाहिका वळवण्यापुरती जागा. पूर्वी मुलं अभ्यासाला कंटाळली की खिडकीशी उभी राहून तिकडे बघायची आणि म्हणायची, अजून काही वर्षांनी आपण तिकडे. ग्रंथपालाला मात्र तिकडे जावंसं कधी वाटलं नव्हतं. रक्त बघितलं की त्याला घेरी येई. आजार त्याला छापलेले आवडत. तक्त्यात बसलेले, संदर्भ दिलेले, कोणीतरी शांतपणे विचार करून लिहिलेले.

ही आवडही मूळची ताईचीच. आई लवकर गेली. तो इतका लहान होता की आईचा चेहराही त्याला फोटोतलाच आठवे. हाताचा स्पर्श आठवे तो ताईचा, साबणाने खरबरीत झालेला. डबे, बाटल्या, खोकी यांवरची अक्षरं वाचायला तिनेच शिकवलं, कारण घरात दुसरं छापील फारसं नव्हतं. वडिलांच्या खोकल्याच्या औषधाच्या खोक्यात घडी घातलेला बारीक अक्षरांचा कागद असे. ताई तो उलगडून खिडकीशी धरायची आणि अडखळत का होईना, शेवटपर्यंत वाचायची. वडील म्हणायचे, पोरी, दोन चमचे घ्यायचं एवढंच कळलं की झालं. ती म्हणायची, छापलंय म्हणजे कोणीतरी विचार केला असेल ना, मग वाचायला नको? तो तिच्या मांडीवर डोकं टेकून तो कागद ऐकत असे आणि एकही शब्द कळत नसताना त्याला सुरक्षित वाटे. पुढे तो पुस्तकात डोकं घालून जेवायला लागला, तेव्हा तिनेच त्याला किड्या म्हणायला सुरुवात केली. साठीला टेकला तरी तो तिचा किड्याच होता. त्याने लग्न केलं नाही, किंवा जमलं नाही. रविवारी तिच्याकडे जायचं, तिने वाढलेलं खायचं आणि तिच्या मुलाच्या गप्पा ऐकत बसायचं, यात त्याची सगळी संसाराची हौस भागली.

हा तिचा मुलगा, त्याचा भाचा, अपघात झालेल्या गाड्यांच्या विम्याचे दावे तपासायचा. दिवसभर खोट्या कागदांशी गाठ, त्यामुळे माणसांवर त्याचा विश्वास नव्हता. पण कागद खरा आहे अशी एकदा खात्री पटली की त्यापुढे तो देवाचंही ऐकत नसे. ताईला ताप आला, तपासणीत ज्याची भीती होती तेच निघालं, तेव्हा त्याने ग्रंथपालाला फोन केला होता. म्हणाला, मामा, इथे मोबाइलवर दर तासाला एक नवा डॉक्टर जन्माला येतोय. एक म्हणतो वाफ घ्या, दुसरा म्हणतो वाफ घेतली तर मराल. तिसरा म्हणतो साथच खोटी आहे, आणि तो तर आमच्याच इमारतीत राहतो. तुम्ही एवढ्या पुस्तकांत बसता, खरं काय ते काढून द्या. ग्रंथपालाला तेव्हा, आईशप्पथ, आनंद झाला होता. बहीण आजारी आणि आपल्याला आनंद होतोय हे जाणवून त्याला लाजही वाटली, पण आनंद होता तो होताच. आयुष्यभर परक्यांसाठी शोधलं. आज घरातून मागणी आली.

त्याने अख्खा दिवस घालवून तीन लेख काढले. यादी केली, नेहमीसारखी: सगळ्यात नवा सगळ्यात वर, जुना सगळ्यात खाली. वाचनालयात असंच करतात. जो शोधायला येतो त्याला ते माहीत असतं. वर आहे म्हणजे ताजा आहे, एवढाच त्याचा अर्थ. खालचे दोन लेख मोठ्या, सावकाश केलेल्या अभ्यासांचे होते आणि कंटाळवाणं बोलत होते: अमुक औषधाचा फायदा दिसत नाही, लक्ष ठेवा, श्वास कमी पडू लागला तर रुग्णालयात हलवायला उशीर करू नका. वरचा लेख ताजा होता. दुसऱ्याच कुठल्या रोगावरचं एक जुनं औषध घरच्या घरी लवकर सुरू केलं तर रुग्णालयाची पायरीच चढावी लागत नाही, असं त्यात होतं, आणि ते सांगणारा तक्ता इतका देखणा होता की ग्रंथपालानेही तो दोनदा पाहिला. यादीच्या तळाशी, बारीक अक्षरांत, त्याने नियमाप्रमाणे टीप घातली होती: पहिला लेख अद्याप इतर तज्ज्ञांनी तपासलेला नाही. भाचा तळापर्यंत गेलाच नाही. का जाईल? मामाने सगळ्यात वर ठेवला म्हणजे सगळ्यात चांगला. घरात माणसं ताटात सुद्धा चांगलं ते वर वाढतात.

हे त्याच्या लक्षात आलं ते पुढे फोनवर, भाचा म्हणाला तेव्हा की तुमच्या पहिल्या लेखातलं औषध शहरभर हिंडून मिळवलं. त्याच वेळी तो बोलू शकला असता. अरे, वरचा म्हणजे नुसता नवा रे, असं म्हणायला कितीसा वेळ लागतो. पण भाच्याच्या आवाजात धाप होती आणि विजय होता. ताईला जरा बरं वाटतंय, असंही तो म्हणाला. ग्रंथपाल म्हणाला, खालचे दोन पण वाचून बघ. भाचा म्हणाला, हो हो. आणि हे औषध, लेखात काय किंवा बाहेर काय, घातक आहे असं तर कुठे म्हटलेलं नव्हतं. आणि शेवटी सांगणारा मी कोण, हेही होतंच.

सांगणारा मी कोण, या एका वाक्यावर त्याने नोकरी काढली होती. मेडिसिन विभागाचे सर नेहमी वाचनालयात यायचे, स्वतः. शिपायाला पाठवत नसत. एकदा त्यांनी एका अवघड रुग्णासाठी लेख मागवले, सगळे वाचून झाल्यावर चष्मा कपाळावर ढकलला आणि विचारलं, तुम्ही इतकी वर्षं हे सगळं चाळताय, तुम्हाला काय वाटतं? ग्रंथपाल म्हणाला, सर, वाटणं तुमचं खातं. माझं काम आणून द्यायचं. सर हसले होते. म्हणाले, "तुम्ही बरे सुटता." त्या वेळी ते कौतुकासारखं वाटलं होतं. कित्येक वर्षं तो ते वाक्य मनात खिशातल्या नाण्यासारखं चाचपायचा. साथीच्या सुरुवातीलाच सर गेले, समोरच्याच इमारतीत, स्वतःच्याच विभागात. त्यांनी शेवटी मागितलेला लेख पाठवल्यावर उत्तर आलं नव्हतं, आणि ग्रंथपाल काही सकाळी तो दुवा जिवंत आहे का, ते पाहत राहिला होता.

तर ती तांबडी अक्षरं. कोणाही माणसाने पहिल्यांदा काय केलं असतं? फोन उचलला असता. ग्रंथपालाने उचलला नाही. त्याला आधी खात्री करायची होती. मागे घेतला, पण कोणी? लेखकांनी, की नियतकालिकाने? खोडसाळपणा नसेल कशावरून? हल्ली लोक खोटी पानंसुद्धा बनवतात. तो निवेदन शोधत गेला, निवेदनातून तक्रारीच्या पत्राकडे गेला, पत्रातून मूळ आकड्यांकडे. कुठल्याशा दूरच्या विद्यापीठातल्या संख्याशास्त्राच्या बाईंनी तक्त्याच्या मागचे आकडे मागवले होते आणि त्यांना ओळीच्या ओळी एकसारख्या सापडल्या होत्या. तोच ताप, तेच वजन, तोच श्वास. एक माणूस वेगवेगळ्या क्रमांकांनी पुन्हा पुन्हा बरा होत होता. ग्रंथपाल त्या ओळी बघत राहिला. बाईंचं काम सुरेख होतं. एका क्षणी तर तो पुढे वाकून, ओठ हलवत, स्वतः पडताळू लागला. आपण कोणासाठी हे करतोय याचा त्याला पुरता विसर पडला होता, आणि तो भानावर आला तेव्हा दुपार होऊन ऊन खिडकीतून समोरच्या भिंतीवर गेलं होतं.

पुढे ही सकाळच त्याच्या मागे लागणार होती. यादीचं सोडा, ती सवय होती, अनवधान होतं. पण ही सकाळ त्याने चांगली जागेपणी घालवली होती.

फोन लागला तेव्हा भाच्याने आपणहूनच सांगितलं, सकाळपासून बोटाला लावायच्या यंत्रातला आकडा उतरतोय. पण थोडा थोडा. आणि मामा, तुमच्या लेखात लिहिलंय तसंच आहे, मध्ये एक उतार येतो आणि मग सुधारतं, तिसरं पान बघा. ग्रंथपालाने सांगितलं, तो लेख मागे घेतलाय. भाच्याला कळलं नाही. मागे घेतला म्हणजे काय? एकदा छापलेलं मागे कसं घेणार? ग्रंथपाल समजावू लागला, आकडे, ओळी, संख्याशास्त्राच्या बाई. आणि समजावताना त्याला ऐकू येत होतं की आपण परत आणूनच देतोय, एक कागद काढून दुसरा ठेवतोय.

"मामा, मी तिला उचलून तिकडे न्यायचं, दारातून आत गेली की मला आत सोडत नाहीत. आमच्या मजल्यावरचे दोघं गेले ते परत आले नाहीत. तुम्ही काल एक सांगता, आज एक. मी कुठला कागद धरू?"

यात खोटं काही नव्हतं. रुग्णालयात नेलेल्यांपैकी किती परतत होते ते त्याला रोज खिडकीतून दिसत होतं. पत्र्याच्या शेडखाली नातेवाईक भिंतीला पाठ लावून बसलेले असत, आणि अधूनमधून पांढऱ्या पोशाखातलं, चेहरा नसलेलं कोणीतरी बाहेर येऊन मोठ्याने एक आडनाव उच्चारी. खालचे दोन लेख खरे होते, पण ते अशा शहरांत लिहिलेले होते जिथे खाट रिकामी असते. या आवारातली शेड कुठल्याच लेखात नव्हती.

मग फोनवर खरखर झाली आणि ताईचा आवाज आला. लांबून आल्यासारखा, शब्दांच्या मध्ये ती थांबत होती, आणि त्या थांबण्यात हवा ओढल्याचा आवाज होता, सुकलेल्या पंपासारखा.

"किड्या. तुझं ते छापलेलं... मी वाचलं. सगळं. मला काही कळलं नाही."

तो म्हणाला, ताई, बोलू नकोस, दम लागतोय.

"कागद राहू दे. तू सांग. जाऊ का?"

त्याच्या तोंडात इतक्या वर्षांची उत्तरं तयार होती. परिस्थितीवर अवलंबून आहे. डॉक्टरांना विचार. एका अभ्यासात असं म्हटलंय, दुसऱ्यात तसं. लहानपणी वर्गात उत्तर येत असूनही तो नुसता उभा राही, तसंच झालं. समोर खिडकीबाहेर एक रुग्णवाहिका मागे येत होती आणि कोणीतरी हाताने तिला दिशा दाखवत होतं, ये, ये, ये, बस. ताई वाट बघत होती. फोनमधून तिचा श्वास येत होता, जात होता, येत होता.

"जा ताई," तो म्हणाला. "आत्ता. थांबू नकोस."

"बरं," ती म्हणाली, बाजारातून काय आणू विचारल्यावर म्हणावं तसं, आणि फोन भाच्याकडे गेला.

संध्याकाळपर्यंत तो खिडकीशी उभा होता. भाचा दोन ठिकाणांहून परत फिरवला गेला होता आणि शेवटी इथेच येत होता. रुग्णवाहिका येत होत्या. प्रत्येकीतून कोणीतरी आडवं निघत होतं, अंगावर चादर, तोंडावर नळी. एकीमागून उतरलेला माणूस भाच्यासारखा वाटला, पण सगळ्यांच्याच तोंडाला पट्टी होती आणि वरून माणसं नुसती केस आणि खांदे दिसतात. त्याने काच ठोकली. कोणी वर पाहिलं नाही. जिच्या मांडीवर आपण वाढलो ती या आवारातून नेमकी कुठल्या चाकांवरून गेली, हे त्याला कधीच कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. कुठल्या तरी परिचारिकेने धरून दिला होता. आवाज जरा बरा होता, किंवा यंत्राच्या घरघरीमुळे बरा वाटत होता. म्हणाली, तुझी खिडकी शोधली रे, पण इथून सगळ्या सारख्याच दिसतात. त्याने विचारलं, जेवलीस का. ती म्हणाली, इथे कोणी जेवत नाही, इथे सगळे श्वास घेतात. मग म्हणाली, काहीतरी वाच. औषधाचं नको. तो गांगरला. इतकी पुस्तकं, आणि सगळी आजारांचीच. हाताशी भिंतीवर टांगलेली वाचनालयाच्या नियमांची पाटी होती, ती त्याने वाचायला घेतली. वाचकांनी शांतता पाळावी. पुस्तकांवर रेघा ओढू नयेत, पानांचे कोपरे दुमडू नयेत. पुस्तक हरवल्यास त्याच आवृत्तीची प्रत भरून द्यावी लागेल. ताई हसली, आणि हसण्याचा खोकला झाला, आणि तिकडून कोणीतरी म्हणालं, आजी, पुरे आता. फोन बंद होण्याआधी तिचं आणखी काही म्हणायचं राहिलं, की होतं ते तेवढंच, हे तो नंतर पुष्कळदा आठवून पाहायचा. आजी हा शब्द मात्र त्याला लागला. ताईला आजी म्हणणारं कोणी आजवर त्याने ऐकलं नव्हतं.

ती गेली ते त्याला भाच्याच्या संदेशावरून कळलं. एकच ओळ होती. आवारातल्या त्या माणसाने आडनाव पुकारलं असेल तेव्हा आपण कुठे होतो, हे तो आठवू लागला. बहुधा दुवे तपासत होतो. तिला कोणाच्या ताब्यात दिलं गेलं नाही, कोणाला बघता आलं नाही. भाचाही आजारी पडला, एका खोलीत बंद राहिला, बरा झाला. ग्रंथपाल रोज येत राहिला, कारण फोन येत होते. कुठले कुठले डॉक्टर, कुणाकुणाच्या ओळखीने घाबरलेली साधी माणसंही. याद्या तो आता वेगळ्या करू लागला होता. तळाची टीप सगळ्यात वर आणि मोठ्या अक्षरांत घालायचा, मग ती काढायचा, मग परत घालायचा.

भाच्याचा फोन आला तेव्हा दोघं बराच वेळ भलतंच बोलले. घर धुऊन घेतलं, खालचा तो साथच खोटी आहे म्हणणारा अजून ठणठणीत आहे आणि तेच म्हणतोय. ताईच्या कपाटाच्या किल्ल्या सापडत नाहीत. मग भाचा थांबला. ग्रंथपालाला त्या थांबण्यात पुढचं सगळं ऐकू आलं आणि त्याने टेबलाची कड धरली.

"मामा, रागावू नका. त्या दिवशी तुम्ही तिला म्हणालात ना, आत्ता जा म्हणून. ते कुठे वाचलं होतं?"

आवाजात आरोप नव्हता. असता तर बरं झालं असतं. अपघाताच्या जागी उभा राहून मोजमापं घेणाऱ्या माणसाचा तो आवाज होता; गाडी कुठल्या वेगात होती, ब्रेक कधी दाबला. ग्रंथपालाला खालच्या दोन लेखांची नावं सांगता आली असती, पान क्रमांकासकट. ते खोटंही ठरलं नसतं. पण त्या क्षणी, ताईचा श्वास कानात असताना, त्याच्या डोक्यात कुठलंच पान नव्हतं. होती ती मागे येणारी रुग्णवाहिका आणि ये, ये म्हणणारा हात.

"कुठेच नाही," तो म्हणाला. "मला वाटलं."

मग भाचा हळू, जवळजवळ समजूत घातल्यासारखा म्हणाला, असं कसं मामा, कुठेतरी असेलच की. घरी ठेवलं असतं तर काय झालं असतं, कोणीतरी अभ्यास केला असेल. या वयाच्या बायका, इतका उतरलेला आकडा, नेलेल्या आणि न नेलेल्या.

"शोधा ना," तो म्हणाला. "सवडीने."

ग्रंथपाल हो म्हणाला. फोन ठेवल्यावर त्याने उठून टेबलावरची एक खुर्ची उतरवली, तिचे पाय जमिनीला टेकवले, आणि उगाचच तिच्यावर बसून पाहिली. समोरच्या इमारतीत दिवे लागले होते. सगळ्या खिडक्या खरंच सारख्या दिसत होत्या. असं काही कुठेच मिळणार नाही, हे त्याच्याइतकं कोणाला माहीत असणार. एकाच बाईला नेऊन आणि न नेऊन कोणी पाहिलेलं नसतं. तो जागेवर परत आला. शोधाचा रिकामा रकाना उघडा होता आणि आतली उभी रेघ लुकलुकत होती, येत होती, जात होती. मग पहिला शब्द म्हणून त्याने ताईचं वय टाकलं.